लग्नाचा पोशाख आणि शिवणीतील माया



कार्तिक पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते आणि आपल्या घराघरांत विवाहाच्या तयारीला वेग येतो. पांढरकवड्यासारख्या गावात याच सुमारास कापसाचा हंगामही ऐन भरात असतो. घरातील पुरुषमंडळी बाजार समिती आणि जिनिंगच्या फेऱ्यांत अडकलेली असतात. खरेदीसाठी सुमारे दीडशे किलोमीटरवरील नागपूर गाठायचे, तर अख्खा दिवस मोडतो. परिणामी दागिने, मंगल कार्यालय, आचारी आणि पत्रिका यांचे नियोजन सहा महिने आधी होते, आणि शिवणकाम मात्र शेवटच्या पंधरवड्यावर ढकलले जाते. लग्नघरातील अश्रूंचा मोठा भाग या पंधरवड्यात सांडतो. म्हणून या वेळी हिशेबाच्या वहीतून उठून शिंप्याच्या दुकानात जाऊन बसण्याचे ठरविले आहे.

आपल्या आजीच्या पिढीला ही अडचण फारशी ठाऊक नव्हती. नऊवारी लुगडे, धोतर, उपरणे, शेला ही सारी न शिवलेली वस्त्रे. चोळीला पुढे गाठ असे; अंग थोडे भरले वा उतरले, तरी गाठ सैल किंवा घट्ट करून काम भागे. मारवाडी घरांतील घागऱ्याला नाडी असे. वस्त्र माणसाच्या अंगाप्रमाणे स्वतःला जुळवून घेत असे. हूक, चेन, अस्तर आणि नेमक्या मापाची कटोरी आली, तशी माणसानेच वस्त्राशी जुळवून घेण्याची वेळ आली. त्यात पाऊण-एक इंचाचा फरकही पुरतो. पोशाखाचे सौंदर्य वाढले हे खरे, परंतु चुकीला जागा उरली नाही.

उलटी गणना

कर्जाचा हप्ता ठरविताना आपण शेवटच्या तारखेपासून मागे मोजत येतो. पोशाखाचेही तसेच करावे. विवाहाच्या दिवसापूर्वी किमान 2 महिने आधी कापड शिंप्याच्या हाती पडावे. 3 आठवडे आधी पहिली ट्रायल व्हावी आणि 8 ते 10 दिवस आधी शेवटची. या दोन्ही वेळी नवरीने प्रत्यक्ष दिवशी घालावयाची अंतर्वस्त्रे आणि पादत्राणे नेलीच पाहिजेत. चपलेवर मोजलेला लेहंगा उंच टाचेच्या सँडलवर दोन-अडीच इंच आखूड दिसतो, यात शिंप्याचा काही दोष नसतो.

माप केव्हा द्यावे, यालाही महत्त्व आहे. पर्युषणातील अठ्ठाईनंतर लगेच दिलेले माप महिन्याभरानंतर खरे राहात नाही. लग्नासाठी मुद्दाम वजन उतरविण्याचा बेत असेल, तर तोही शिंप्यापासून लपवू नये. वैद्याला जसे सर्व सांगावे, तसे शिंप्यालाही सांगावे. विवाह वैशाखातला असेल, तर विदर्भाच्या उन्हाचा विचार करून सुती अस्तर घ्यावे, पण ते शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्यावे. न भिजविलेले अस्तर पहिल्या घामात वा धुण्यात आटते, वरचे रेशीम आटत नाही, आणि मग चांगला बसलेला ब्लाउज चुण्या धरतो.

माया किती आहे?

शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला आपल्याकडे 'माया' म्हणतात. किती समर्पक शब्द आहे पाहा! ताळेबंदातील राखीव निधी आणि शिवणीतील माया, दोन्ही अडीअडचणीला उपयोगी पडतात आणि दोन्ही आधीच बाजूला ठेवावी लागतात.

तिचा हिशेब साधा आहे. ब्लाउजच्या दोन बाजूंना दोन शिवणी असतात आणि प्रत्येक शिवणीत पुढचा व मागचा असे दोन पदर असतात. म्हणजे एकूण चार पदर. प्रत्येक पदरातून पाव इंच सोडला, तर घेरात 1 इंच मिळतो. अर्धा इंच सोडला, तर 2 इंच. याचाच अर्थ असा की, कापड शिंप्याला देताना 'दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेवा' हे एक वाक्य सांगितले, तर पुढचे निम्मे संकट टळते. तयार पोशाख विकत घेतानाही प्रथम तो उलटा करून शिवण पाहावी. वरून झगमगणाऱ्या पुष्कळ पोशाखांत आत ओव्हरलॉकची कड आणि तीन सुतांची माया असते. असा पोशाख घट्ट झाला, तर त्याला वाढविणे अशक्यप्राय. सैल पोशाख आत घेता येतो, घट्ट पोशाख मायेवाचून सोडता येत नाही. म्हणून दोन मापांमध्ये शंका असेल, तर मोठे माप घ्यावे.

शिवण उसविताना एक सावधगिरी बाळगावी. रेशीम आणि साटीन यांवर सुईची जुनी छिद्रे दिसत राहतात. पूर्वीची टीप पोशाख वाढविल्यावर बाहेर येणार असेल, तर त्यावर बारीक लेस अथवा मणी लावून ती झाकता येईल का, हे आधी ठरवावे. पाणी शिंपडून डाग पुसण्याच्या भानगडीत पडू नये, रेशमावर पाण्याचाच डाग उठतो. इस्त्री करताना वर मलमलचे कापड ठेवावे, कारण आजची बहुतेक जर कृत्रिम असते आणि ती उष्णतेने वितळते.

आमच्या परिचयातील एका घरी लग्नाला 8 दिवस उरले असताना मोठ्या शहरातून आणलेल्या लेहंग्याची चोळी दीड इंचाने घट्ट निघाली. शिवणीत माया नव्हती. दुकानदाराने हात वर केले. घरात दोन दिवस रडारड झाली, नवी चोळी घेण्याची भाषा झाली. अखेर गावातीलच एका वयस्कर कारागिराने ओढणीच्या काठातून उरलेले कापड मागितले, काखेखाली दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंचाच्या उभ्या पट्ट्या बसविल्या, आणि त्यावर मूळच्या भरतकामातील मणी हाताने टाकले. ती पट्टी मुद्दाम घातली आहे असेच पाहणाऱ्यांना वाटले. त्याने मजुरी घेतली 600 रुपये. या प्रसंगातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: उरलेला एकही तुकडा लग्न होईपर्यंत टाकू नये, आणि मोठ्या शहराकडे धावण्यापूर्वी गावातील हातांना विचारावे.

काखेत ओढ बसत असेल, तर सदऱ्याला घालतात तसा चौबगला घालता येतो. पाठीवरचे हूक लागत नसतील, तर तेथे गाळे करून दोरी ओवता येते, त्याखाली त्याच रंगाची पट्टी लावली की मर्यादाही राखली जाते.

लेहंगा आणि शेरवानी

लेहंगा लांब झाला, तर खालचा काठ दुमडण्याची घाई करू नये. खाली भरतकाम असेल, तर ते झाकले जाते आणि घेर बिघडतो. अशा वेळी कमरपट्टी उसवून वरून उंची कमी करावी. कळ्यांचा लेहंगा आपल्याच वजनाने खाली ओघळतो, म्हणून तो दोन दिवस टांगून ठेवावा आणि मगच खालची कड मोजावी. आत कॅनकॅन घालावयाचे असेल, तर ते घालूनच उंची घ्यावी. घेर फुगला की लांबी कमी भरते.

जरदोजीच्या कामावर यंत्राची सुई चालत नाही. शिवणीलगतचे मणी आधी काढावे लागतात, मग टीप मारावी लागते आणि ते मणी पुन्हा हाताने टाकावे लागतात. ही कामे तासाभराची नसून दीड-दोन दिवसांची असतात. 'एवढीशी तर शिवण आहे' असे म्हणून कारागिराशी हुज्जत घालण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

नवऱ्या मुलाची शेरवानी नेहमी खांद्यावरून निवडावी. छाती व कंबर आत-बाहेर करता येतात, बाही कमी करता येते, परंतु खांदा चुकला तर सारा अंगरखाच उसवावा लागतो. आपल्याकडे नवरीच्या पोशाखाची चर्चा महिनाभर होते आणि नवऱ्याची शेरवानी वरातीच्या सकाळी पिशवीतून बाहेर निघते. तिचीही ट्रायल 10 दिवस आधी व्हावी.

पावती, हप्ते आणि कायदा

आपण व्यापारी माणसे. तरीही स्वतः ग्राहक झालो की पावती घेण्याचे विसरतो. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजार रुपयांवरील तयार कपड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. तो वाचविण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर पोशाख घेण्याचा मोह होतो. कर चुकविणे गैर आहेच, शिवाय पोशाखात खोट निघाली की त्या चिठ्ठीला काही किंमत उरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास 30 दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे.

शिवणकामाच्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: माप, ट्रायलची तारीख, पोशाख देण्याची तारीख, आणि दुरुस्ती मजुरीत धरली आहे की वेगळी. पैसेही टप्प्याटप्प्याने द्यावेत. बँक घरकर्ज एकदम देत नाही. पाया, भिंती, छत असे काम पाहून रक्कम सोडते. तसेच कापड देताना एक भाग, पहिल्या ट्रायलला दुसरा आणि अंगावर व्यवस्थित बसल्यावर उरलेला. मात्र उरलेला भाग त्याच दिवशी रोख द्यावा, त्यात उधारी नको.

शिवणकाम ही 'सेवा' आहे आणि तिच्यातील त्रुटीला कायद्यात दाद आहे. ठरल्या वेळेत ब्लाउज शिवून न दिल्याबद्दल धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगाने 2025 मध्ये एका बुटीकचालिकेला 15,000 रुपये देण्याचा आणि राहिलेला ब्लाउज विनामूल्य शिवून देण्याचा आदेश दिला. अहमदाबादचे प्रकरण तर आपल्या विषयाशी अधिक जुळणारे. तेथील एका महिलेने नातलगाच्या विवाहासाठी 4,395 रुपये आगाऊ देऊन ब्लाउज शिवावयास टाकला होता. लग्न 24 डिसेंबर 2024 रोजी होते. 10 दिवस आधी ती आणावयास गेली, तेव्हा ब्लाउज सांगितल्याप्रमाणे शिवलेला नव्हता. दुरुस्त करून देण्याचे आश्वासन मिळाले, लग्न पार पडले, ब्लाउज मिळाला नाही. आयोगाने आगाऊ रक्कम व्याजासह परत करण्याचा आणि नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. योगायोग असा की, 24 डिसेंबर हाच आपला राष्ट्रीय ग्राहक दिन!

अशी तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते. 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचे मार्गदर्शन मिळते. परंतु हे सारे लग्नानंतरचे. न्याय मिळाला, तरी तो मंडपात उपयोगी पडत नाही. आयोग पैसे परत देववू शकतो, तो दिवस परत देववू शकत नाही. म्हणून कायद्याहून तारखेवर अधिक भर द्यावा.

शिंप्याची बाजू

हंगामात एकेका शिंप्याकडे तीस-चाळीस लग्नघरांची कामे असतात. त्यात प्रत्येक घराला आपलेच लग्न दिसते. आपण दिवाळीत दुकानावर गर्दी असताना ग्राहकाने आरडाओरडा केला, तर आपल्याला कसे वाटते, ते आठवून पाहावे. पोशाख बिघडला असता पहिला प्रश्न 'कोणी बिघडविला' हा न विचारता 'आता काय करता येईल' हा विचारावा. शांतपणे विचारले, तर कारागीर स्वतःहून दोन मार्ग सुचवितो. चारचौघांत अपमान केला, तर तो कापड पुढे सरकवून मोकळा होतो.

हे हात गावात टिकणेही आपल्याच हिताचे आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य, तसेच 5 टक्के व्याजाने प्रथम 1 लाख आणि पुढे 2 लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते. आपल्या ओळखीच्या कारागिराला अर्ज भरण्यास अर्धा तास मदत केली, तर ती त्याच्या कामाची खरी कदर होईल.

आणि त्या मुलीची बाजू

सर्वांत महत्त्वाचे शेवटी लिहितो. पोशाख घट्ट झाला की घरातील मंडळी सहज म्हणून जातात, 'जाड झालीस', 'जरा कमी खाल्ले असते तर'. काकू म्हणते, मावशी म्हणते, कधी होणाऱ्या सासरकडूनही निरोप येतो. ती मुलगी आधीच घर सोडण्याच्या विचाराने हळवी झालेली असते. काही मुली मग आठ-आठ दिवस जेवण टाकतात आणि फेऱ्यांच्या वेळी भोवळ येऊन बसतात. उपवास हा आत्मशुद्धीसाठी आहे, हूक लावण्यासाठी नव्हे. माप चुकले असेल तर कापडाचे चुकले आहे, तिच्या शरीराचे नाही. उसवायची ती शिवण, मुलीचे मन नव्हे. घरातील एखाद्या समंजस वडीलधाऱ्या स्त्रीने पोशाखाची सर्व जबाबदारी स्वतःकडे घ्यावी आणि ट्रायलला नवरीसोबत दोघीतिघींपेक्षा अधिक गर्दी जाऊ देऊ नये.

शेवटच्या दिवशी एक लहान डबा हाताशी ठेवावा: पोशाखाच्या रंगाचा दोरा ओवलेल्या दोन सुया, सेफ्टी पिना, जादा हूक, लहान कात्री, दुतर्फी चिकटपट्टी आणि उरलेल्या कापडाचा तुकडा. हा डबा नवरीच्या खोलीत कोणाकडे आहे, हे सर्वांना ठाऊक असावे. बहुतेक वेळा तो उघडावाही लागत नाही. राखीव निधीचेही असेच असते.

येत्या मुहूर्तांवर ज्यांच्या घरी मंगल कार्य आहे, त्यांनी हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी दिनदर्शिकेत ट्रायलच्या दोन तारखांवर खूण करावी. सर्व वधू-वरांना मनःपूर्वक शुभेच्छा.