मुकादमी अजून संपलेली नाही

१९९० साली सहा हजारांच्या आसपास वस्ती असलेले फ्रिस्को हे टेक्ससमधील गाव २०२० च्या जनगणनेत दोन लाखांवर गेले. ह्या वाढीत भारतातून आलेल्या संगणक-अभियंत्यांचा वाटा मोठा आहे आणि त्यांत आपलीही कुटुंबे आहेत. आपल्यापैकी अनेक जण आता नोकरी मागणाऱ्यांच्या रांगेतून उठून नोकरी देणाऱ्यांच्या खुर्चीत बसले आहेत. २०२० च्या महामारीनंतर तर फ्रिस्कोतल्या घरातील एका खोलीत बसून नागपूर, पुणे वा हैदराबाद येथील उमेदवाराची मुलाखत घेणे आणि त्याला कधीही प्रत्यक्ष न पाहता कामावर ठेवणे, हे नित्याचे झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचा आदेश निघाला. माणूस इकडे आणण्यापेक्षा काम तिकडे धाडण्याकडे कंपन्यांचा ओढा वाढेल, हे सांगायला ज्योतिषी नको. (ज्योतिष्याला आपण तसेही विचारत नाही.)

म्हणून प्रश्न असा की, ही निवड कोण करतो आणि कशी करतो?

“कोडला जात नसते,” हे उत्तर हमखास मिळते. सवर्ण सहकारी ते म्हणतात, ह्याचे आश्चर्य नाही. खेद वाटतो तो आपले समाजबांधव तेच वाक्य जेवणाच्या टेबलावर समाधानाने उच्चारतात तेव्हा. कोडला जात नसते, हे खरेच आहे. कापडालाही नव्हती. परंतु मुंबईच्या गिरण्यांत ते कापड कोणी विणायचे, हे मात्र जातीने ठरत होते. साचेखात्यात धोट्यातील दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या ओठांनी धोटा विटाळेल, म्हणून अधिक मजुरीचे साचेखाते आपल्या बापजाद्यांना बंद होते आणि कमी मजुरीचे रिंगखाते उघडे होते. १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांसमोर रोखठोकपणे मांडला. यंत्र विलायती होते, भांडवल आधुनिक होते, कामगार चळवळ क्रांतीची भाषा बोलत होती, तरीही धोटा सोवळ्यात होता.

त्याच गिरणीत मुकादम होता. कामगारभरती त्याच्या हाती असे. तो आपल्या गावचा, आपल्या नात्याचा, आपल्या जातीचा माणूस आणी आणि मालकाला सांगे की माणूस भरवशाचा आहे. आज ह्या पद्धतीला ‘रेफरल’ म्हणतात. कंपनी त्यासाठी कर्मचाऱ्यास बक्षीस देते. ओळखीने आलेला रेझ्युमे ढिगाऱ्यातून वर काढला जातो. ही ओळख कोणाची असते? वसतिगृहातील सोबत्याची, मेहुण्याच्या मित्राची, शाळेपासूनच्या गोतावळ्याची. कोणीही जात विचारत नाही आणि तरीही दहा जणांच्या चमूत एकाच आळीतील आडनावे दिसू लागतात. मुकादमाच्या हाती निदान उघड दिसणारी सत्ता होती. येथे ती सद्भावनेच्या पांघरुणाखाली वावरते, म्हणून तिच्याशी झगडणे अधिक अवघड.

आकड्यांची भाषा हवी असेल तर तीही उपलब्ध आहे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले प्रा. सुखदेव थोरात आणि अमेरिकेतील प्रा. पॉल ॲटवेल ह्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे, केवळ नावात भेद असलेले अर्ज धाडले. दलित वाटणाऱ्या नावाला बोलावणे येण्याचे प्रमाण उच्चवर्णीय नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश भरले. प्रतिपक्ष येथे २००९ चा दिल्लीतील दुसरा अभ्यास पुढे करील, आणि त्याने तो अवश्य करावा. त्यात कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत जातीनुसार फरक आढळला, पण संगणक-आज्ञावलीच्या नोकऱ्यांत आढळला नाही. ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. परंतु तो अभ्यास पहिल्या बोलावण्यापाशी थांबतो. त्यापुढचे दार त्याने मोजलेले नाही. प्रा. सुरिंदर जोधका व प्रा. कॅथरिन न्यूमन ह्यांनी २००७ मध्येच भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले की, गुणवत्तेचे स्तोत्र गाणारे हेच अधिकारी उमेदवारास घरची पार्श्वभूमी आवर्जून विचारतात आणि तिच्यावरून त्याची किंमत ठरवितात. येथे त्याच प्रश्नाने ‘कल्चर फिट’ असे साहेबी नाव धारण केले आहे. उमेदवार संघात ‘बसतो’ की नाही, ह्याचे माप कोणत्या अंगावरून घेतले, हे मात्र कोणी लिहून ठेवीत नाही.

नोकरी मिळाल्यावरही माप संपत नाही. कॅलिफोर्निया राज्याने २०२० मध्ये सिस्को कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. आयआयटीतील जुन्या ओळखीच्या वरिष्ठाने आपण राखीव जागेवरून आलो असल्याचे सहकाऱ्यांत उघड केले, अशी त्यातील दलित अभियंत्याची तक्रार होती. कंपनीने आरोप नाकारले. दोन अभियंत्यांविरुद्धचा भाग राज्याने एप्रिल २०२३ मध्ये मागे घेतला, कंपनीविरुद्धचा मात्र सोडला नाही. न्यायालय काय ठरवावयाचे ते ठरवील. तूर्त एवढेच पुरे की, ‘येथे असे काही नसतेच’ हे विधान आता कोणी बेफिकिरीने करू नये.

दूरस्थ परीक्षेने एक नवी गोष्ट आणली आहे. कोडिंगच्या चाचणीपूर्वी उमेदवाराला कॅमेरा खोलीभर फिरवावयास सांगतात, नक्कल होऊ नये म्हणून. त्या खोलीच्या भिंतीवर काय असते, हे तुम्हां-आम्हांला सांगावयास नको. तथागताची प्रतिमा आणि निळ्या कोटातील बाबासाहेब. रेझ्युमेवर न लिहिलेली गोष्ट भिंत सांगून टाकते. आपल्यातील काही ज्येष्ठ मुलांना सल्ला देतात की तसबीर तेवढ्यापुरती काढून ठेवा, पडदा लावा. पोटासाठी कोणी तसे केले तर त्या मुलास मी दोष देणार नाही. पण हा सल्ला समाजाचे धोरण म्हणून देणाऱ्यांना मी विचारतो: १९५६ साली नागपुरात आपल्या आजी-आजोबांनी जे उघड्या मैदानावर स्वीकारले, ते आपण वेबकॅमसमोर उतरवून ठेवणार काय? लाज वाटावयाची असेल तर ती पाहणाऱ्याला वाटू द्या.

कायद्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदास बंदी केली. कॅलिफोर्निया विधिमंडळाने तसेच विधेयक संमत केले, त्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात वंश, वर्ण, धर्म, लिंग, राष्ट्रीय मूळ हे शब्द आहेत, ‘जात’ हा शब्द नाही.

तथापि आपल्या टेबलावर आपली सत्ता चालते. पहिल्या चाळणीत नाव, छायाचित्र, महाविद्यालय झाका. प्रत्येक उमेदवारास तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. परीक्षकांनी आपसांत बोलण्यापूर्वी गुण लिहून द्यावेत. नकार द्यावयाचा तर कारण कामातील दाखवा. ‘जमले नाही’ हे कारण नव्हे. विदर्भात चाचणीच्या मध्येच वीज गेली तर ती उमेदवाराची अपात्रता मानू नका, त्यास पुन्हा वेळ द्या. हे नियम आपल्या मुलांच्या सोयीसाठी नाहीत. ते ओळख नसलेल्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहेत, मग तो बहुजन असो, मुस्लिम असो की गरीब ब्राह्मण.

राहता राहिला रेफरलचा प्रश्न. ‘ती मुकादमी म्हणता, मग आपण आपल्या मुलांची नावे पुढे करावीत काय?’ करावीत, निःसंकोच करावीत. ही प्रथा बंद व्हावी अशी मागणी मी करतो, आणि ती चालू आहे तोवर आपल्यातील शेकडो जण आपली ओळख कोठे कळू नये म्हणून ते दार वापरीत नाहीत, ह्यालाही माझा विरोध आहे. दुसऱ्यांची ओळख चालते आणि आपली मात्र पक्षपात ठरते, हा न्याय कोणी ठरविला?

येत्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमास भाषणे होतीलच. त्या दिवशी दुपारी एक तास राखून ठेवावा, असे मी सुचवितो. कामावर माणसे घेणाऱ्या प्रत्येकाने आपण मागील वर्षी किती मुलाखती घेतल्या, किती जण ओळखीने आले आणि आपल्या समाजातील किती मुलांचे रेझ्युमे आपण पुढे पाठविले, हे तीन आकडे कागदावर लिहून आणावेत. माझा कागद मी तयार ठेवला आहे.