रेपो रेट सव्वा टक्क्याने उतरला, मग गृहकर्जाचा हप्ता तेवढाच का?

5 डिसेंबर 2025 ला रिझर्व्ह बँकेने रेपो रेट पाव टक्क्याने कमी करून 5.25 टक्क्यांवर आणला. त्याआधी फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्येही कपात झाली होती. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला 6.50 टक्के असलेला दर वर्षभरात सव्वा टक्क्याने खाली आला. प्रत्येक वेळी बातमी एकच होती: गृहकर्ज स्वस्त होणार, ईएमआय कमी होणार.

मग मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवलीत घराचं कर्ज फेडणाऱ्या कितीतरी लोकांच्या खात्यातून अजूनही जुनीच रक्कम का कापली जाते? बँक फसवतेय का?

बहुतेक वेळा नाही. कपात मिळालेली असते, पण ती हप्त्यात नाही तर मुदतीत गेलेली असते. आणि 2022 मध्ये दर वाढले तेव्हाही नेमकं हेच झालं होतं, फक्त उलट्या दिशेने.

शेवटचा हप्ता कधी?

1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराशी जोडणं बंधनकारक आहे. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो रेट निवडला. तुमचा व्याजदर म्हणजे रेपो रेट अधिक बँकेचा स्प्रेड. रेपो बदलला की तीन महिन्यांच्या आत तुमचा दरही बदलायला हवा. (हा नियम बँकांना आहे. हाउसिंग फायनान्स कंपन्या स्वतःचा मूळ दर ठरवतात, त्यामुळे तिथे कपात उशिरा किंवा कमी पोहोचू शकते.)

दर बदलला की बँकेपुढे दोन वाटा असतात. हप्ता बदलायचा किंवा मुदत बदलायची. कर्जदाराने काहीच सांगितलं नाही तर साधारणपणे मुदत बदलली जाते. बँकेलाही ते सोयीचं, कारण दरमहा कापायची रक्कम तीच राहते.

या लेखासाठी मी माझ्या ताईच्या कर्जाची जुनी स्टेटमेंट्स काढायला लावली. ठाण्यातला फ्लॅट, 2019 च्या शेवटी घेतलेलं 40 लाखांचं कर्ज, मुदत 20 वर्षं, हप्ता साधारण साडेतेहतीस हजार. म्हणजे कर्ज 2039 मध्ये संपायला हवं. 2023 च्या स्टेटमेंटमध्ये शेवटचा हप्ता 2042 मध्ये गेलेला होता. आता तो 2040 च्या आसपास परत आलाय. या सगळ्या काळात हप्ता एका रुपयानेही हलला नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच नव्हता. "आपलं कर्ज तीन वर्षं लांबलं होतं?" हा भावोजींचा पहिला प्रश्न होता.

2022 मध्ये कर्ज घेतलेल्यांचं काय झालं?

ताईचं तसं बरं म्हणायचं. खरा फटका बसला तो रेपो रेट 4 टक्के असताना, म्हणजे सगळ्यात स्वस्त काळात कर्ज घेतलेल्यांना.

एप्रिल 2022 मध्ये कुणी 6.75 टक्के दराने 75 लाखांचं कर्ज 20 वर्षांसाठी घेतलं असं धरू. हप्ता 57,027 रुपये. मे 2022 पासून दरवाढ सुरू झाली आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत रेपो अडीच टक्क्यांनी वाढून 6.50 झाला. या कर्जदाराचा दर झाला 9.25 टक्के. या दराने 75 लाखांवर एका महिन्याचं नुसतं व्याज 57,812 रुपये होतं. म्हणजे हप्त्यापेक्षा जास्त! मधल्या महिन्यांत थोडी मुद्दल फिटली असेल हे धरलं तरी जवळजवळ सगळा हप्ता व्याजातच जाणार. मुद्दल जागची हलणार नाही. अशा वेळी मुदत कितीही वाढवली तरी कर्ज फिटत नाही, हप्ता वाढवावाच लागतो.

ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर नियम आणले. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला निवडता आलं पाहिजे. हप्त्यातून किमान व्याज तरी फिटलं पाहिजे. आणि दर तिमाहीला बँकेने सांगायचं की आतापर्यंत किती मुद्दल आणि किती व्याज फिटलं, किती हप्ते उरले, दर काय आहे. हे स्टेटमेंट बहुतेक वेळा ईमेलवर किंवा बँकेच्या ॲपमध्ये येऊन पडतं आणि न उघडता राहतं.

पण हप्ता वाढवायला पैसे कुठून आणायचे?

मुंबईतला खरा पेच इथे आहे. दर वाढल्यावर हप्ता वाढवणं शहाणपणाचं, हे कुणीही सांगेल. पण घर घेतानाच खिसा रिकामा झालेला असतो.

एक कोटीचा फ्लॅट घ्या. मुंबईच्या मानाने ही काही चैनीची किंमत नाही. 75 लाखांच्या वरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या 75 टक्क्यांपेक्षा जास्त देऊ शकत नाही, त्यामुळे या घरावर जास्तीत जास्त 75 लाख मिळतील. उरलेले 25 लाख तुमचे. त्यावर 6 टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे 6 लाख (बाईच्या नावावर घर असेल तर एक टक्का सवलत), नोंदणीचे 30 हजार. इमारत अजून बांधली जात असेल, ओसी नसेल, तर 5 टक्के जीएसटीचे आणखी 5 लाख. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी बँक घराच्या किमतीत धरत नाही. एकूण 36 लाखांच्या पुढे रोख लागते, आणि त्यात ब्रोकरेज, सोसायटीचे पैसे, किचनचं काम यातलं काहीच नाही.

यासाठी लोक पीएफ काढतात, सोनं मोडतात, गावच्या जमिनीतला वाटा विकतात. त्यानंतर 8 टक्क्यांनी 62,733 रुपयांचा हप्ता सुरू होतो. पहिल्या हप्त्यातले 50 हजार व्याजाचे आणि 12,733 मुद्दलीचे. करसवलतीचा आधार असतो म्हणावं, तर जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला 2 लाखांपर्यंतच वजावट आहे. हा आकडा 2014 च्या बजेटपासून तोच आहे. नव्या करप्रणालीत तीही नाही.

अशा घरात दर वाढले की मुदत वाढवण्याशिवाय दुसरा पर्याय उरत नाही. त्यामुळे दर उतरतात तेव्हाचा निर्णय जास्त महत्त्वाचा ठरतो.

हप्ता कमी करायचा की मुदत?

समजा 75 लाख बाकी आहेत, 20 वर्षं उरलीत आणि दर 9.25 वरून 8 टक्के झाला. हप्ता कमी करून घेतला तर तो 68,690 वरून 62,733 होतो. दर महिन्याला जवळपास सहा हजार सुटतात. हप्ता तोच ठेवला तर कर्ज 240 ऐवजी 196 महिन्यांत, म्हणजे 16 वर्षं 4 महिन्यांत संपतं. दोन्हींमध्ये एकूण भरलेल्या रकमेचा फरक सुमारे 16 लाखांचा आहे.

त्यामुळे बँकेने न विचारता मुदत कमी केली असेल तर ते तुमच्या फायद्याचंही असू शकतं. माझं मत विचाराल तर ज्यांना जमतंय त्यांनी हप्त्याला हात लावू नये. पण घरात लहान मूल आलंय, एकाची नोकरी डळमळीत आहे आणि क्रेडिट कार्डाचं बिल पुढे ढकललं जातंय, अशा वेळी सहा हजार हातात असणं 2040 नंतरच्या बचतीपेक्षा मोलाचं आहे. कार्डावरचं व्याज गृहकर्जाच्या कितीतरी पट असतं.

शेजाऱ्याचा दर कमी का?

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. रेपो सगळ्यांना सारखा, पण स्प्रेड सारखा नसतो. 2022 मध्ये 2.75 स्प्रेडवर कर्ज घेतलेला माणूस आज 8 टक्के भरतोय, तर काही सरकारी बँका चांगला क्रेडिट स्कोअर असलेल्या नव्या ग्राहकाला साडेसात टक्क्यांच्या खाली कर्ज देतायत. एकाच सोसायटीत, एकाच मजल्यावर हा फरक दिसतो.

बँकांना पूर्वी स्प्रेडचे काही भाग तीन वर्षांतून एकदाच बदलता यायचे. ऑक्टोबर 2025 पासून ग्राहकाच्या फायद्यासाठी ते आधीही कमी करायची मुभा मिळाली आहे. मुभा आहे, सक्ती नाही. त्यामुळे मागणाऱ्याला मिळतं. बँकेने नाही म्हटलं तर कर्ज दुसरीकडे हलवता येतं आणि फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडलं म्हणून दंड लागत नाही. मात्र नव्या बँकेची प्रोसेसिंग फी आणि तारणाच्या कागदपत्रांवरची स्टॅम्प ड्युटी आधी मोजून घ्यावी. कर्जाची शेवटची तीन-चार वर्षं उरली असतील तर हा खटाटोप फारसा परवडत नाही.

स्टेटमेंट्स काढल्यावर ताई ब्रांचमध्ये गेली. तिचा स्प्रेड 2.85 होता. तो 2.35 करायला बँकेने काही हजारांची फी सांगितली. तिच्या उरलेल्या कर्जावर अर्धा टक्का म्हणजे पहिल्या वर्षात साधारण सतरा हजारांचं व्याज. तिने तिथेच फॉर्म भरला आणि हप्ता आहे तेवढाच ठेवायला सांगितला.