उघडा राहिलेला दरवाजा

तारीख ६ मार्च १९८७ रोजीं बेल्जममधील झीब्रुगे बंदरांतून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही बोट पुढील दरवाजे उघडे असतांच निघाली आणि उलटून १९३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. दरवाजे लावणारा खलाशी झोंपला होता. परंतु ‘तक्रार नाहीं, म्हणजे सर्व ठीक’ असें कप्तानानें मानावें, हीच तेथील वहिवाट होती. दरवाजांची स्थिति दाखविणारा दिवा मागणाऱ्या कप्तानांची कचेरीनें पूर्वींच थट्टा केली होती! चौकशींत न्यायमूर्ति शीन यांस वरपासून खालपर्यंत ढिलाईच आढळली. बोटीवरील तक्रार थेट वरिष्ठांपर्यंत नेणारा माणूस कचेरींत नेमणें १९९८ पासून उतारूबोटींच्या कंपन्यांस बंधनकारक झालें. वडीलधारीं ऐकून घेतील, तरच धाकटीं वेळेवर बोलतील; हें घरासहि लागू नाहीं काय?