मृदा आरोग्य पत्रिकेत मॅग्नेशियम का नाही?



दसरा-दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, नेर, कळंब, घाटंजी कुठेही जा. हलक्या, मुरमाड जमिनीतली पऱ्हाटी (कपाशी) तांबडी पडलेली दिसते. लाल्या आला म्हणून शेतकरी कृषी केंद्र गाठतो आणि कीटकनाशकाची नाहीतर बुरशीनाशकाची बाटली घेऊन परततो. लाल्या बुरशीमुळे, जिवाणूमुळे वा विषाणूमुळे होत नाही, तो झाडाच्या पोषणातला बिघाड आहे, हे कृषी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. तरीही बाटली विकली जाते. याला शेतकऱ्याचे अज्ञान म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. सरकारने त्याच्या हाती दिलेला कागदच अपुरा आहे.

बोंडे भरू लागली की ती पानांतले नत्र ओढून घेतात. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. मॅग्नेशियम कमी पडले की झाड जुन्या पानांतले हरितद्रव्य मोडून त्यातले मॅग्नेशियम नव्या वाढीकडे धाडते. म्हणून ही लाली खालच्या पानांपासून चढते आणि शिरा बराच काळ हिरव्या राहतात. त्यातच रात्री गार होऊ लागतात, जमिनीतली ओल तुटते, किंवा उलट पाणी साचून मुळे गुदमरतात. मग अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य पानात साठते. २००२ नंतर बीटी वाण आले, बोंडअळीच्या तडाख्यातून पहिली पाती-फुले वाचू लागली आणि झाडावर एकदम बोंडांचा भार पडू लागला. खत मात्र अनेक शेतांत युरिया आणि डीएपीपुरतेच राहिले.

रबराच्या झाडाचा एक विकार लाल्याच्याच जातीचा आहे. साल कापूनही चीक येईनासा होतो. त्याचा अभ्यास शंभर वर्षांहून अधिक काळ चालला आहे. जंतूही शोधून झाले, पण सर्वमान्य असा एकही सापडला नाही. वारंवार काप घेतल्याने आणि चीक वाढवणारी उत्तेजके लावल्याने चीकवाहिन्यांतल्या सूक्ष्म पिशव्या फुटतात व चीक आतच गोठतो. तिथे काप थांबवून झाडाला विसावा देतात. पऱ्हाटीला असा विसावा देता येत नाही. तिला बोंडे भरण्याआधीच अन्न मिळायला हवे, कारण लाल झालेले पान पुन्हा हिरवे होणे कठीण.

तुडतुड्यांमुळेही पाने लाल होतात, हे खरे. पण तेव्हा कडा आधी पिवळ्या, मग तांबूस होऊन मुडपतात आणि पान उलटून पाहिले की तिरपी चालणारी पिल्ले दिसतात. पानामागे दोन-तीन तुडतुडे असतील तर जरूर फवारा. पान न उलटता फवारणे मात्र या जिल्ह्याला परवडणारे नाही. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास जण दगावले, शेकडो शेतकरी-शेतमजूर रुग्णालयात गेले. ते मृत्यू लाल्यामुळे झाले असे मी म्हणत नाही. पण पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत शिरणाऱ्या माणसाला विनाकारण एकदाही शिरायला लावू नये, एवढे तरी आपण तेव्हा शिकायला हवे होते.

आता त्या कागदाबद्दल. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. मॅग्नेशियम त्यात नाही. लाल्यावर मॅग्नेशियम सल्फेट सुचवायचे आणि मॅग्नेशियम मोजायचे मात्र नाही, हा कसला सल्ला? काळ्या जमिनीत ते पुरेसे असते, असे उत्तर मिळेल. अनेक ठिकाणी असतेही. पण जमिनीत चुना किंवा पालाश जास्त झाला तर मुळांना ते घेता येत नाही, आणि मुरमाड रानांचे काय? मोजल्याशिवाय हे कळणार कसे?

जिल्हा प्रशासनाला माझी मागणी आहे की, येत्या खरिपाआधी यवतमाळच्या कापूस पट्ट्यातील माती नमुन्यांत मॅग्नेशियमची तपासणी सुरू करावी आणि तिचा निकाल पेरणीपूर्वी, मे महिन्यात शेतकऱ्याच्या हाती द्यावा. पाते लागताना कृषी सहायकांनी बांधावर येऊन पाने उलटून दाखवावीत. तोवर कृषी केंद्रांनी लाल्याच्या नावावर कीटकनाशक विकू नये, असा लेखी आदेश कृषी विभागाने काढावा.

— एक कापूस उत्पादक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ