जॉबचं बूड कुठंय?

आमच्या मेसमधलं कोपऱ्यातलं टेबल सगळ्यांना माहीत आहे. पाय चार, आणि त्यातल्या एकाखाली कायम दुमडलेला पेपर. तो काढला की आमटी डावीकडे निघते! तीन पायांचं स्टूल मात्र कुठल्याही फरशीवर ठेवा, डुलत नाही. मेट्रॉलॉजीच्या पेपरात ‘३-२-१’ म्हणून पाच मार्कांना जे येतं ते मुळात एवढंच आहे. तीन बिंदूंवर पार्ट बसतो, दोन बिंदूंनी त्याचं तोंड कुठे ते ठरतं, आणि एका बिंदूने त्याचं पुढेमागे सरकणं थांबतं. सहा हालचाली बंद. आकृती काढा, मार्क घ्या.

सुट्टीत एका वर्कशॉपमध्ये ट्रेनिंगला गेले तेव्हा माझीही समजूत अशीच होती. सीएमएमवर मला एक ब्रॅकेट दिला. कच्चं कास्टिंग, त्यात एक बोअर मशिनिंग केलेला. मी खालच्या बाजूला प्रोब जिथे सोयीने पोचला तिथे तीन टच घेतले, प्लेन केलं, अलाइनमेंट केली आणि रिपोर्ट काढला. बोअर ०.४४ मिमी बाहेर! साहेबांनी मशीनवरच्या दादांना बोलावून सगळ्यांसमोर झापलं. ते बिचारे म्हणत राहिले की सेटिंगला हात लावला नाही. ऐकतो कोण? कॉम्प्युटरचा रिपोर्ट होता ना.

दुपारी इन्स्पेक्शनचे काका आले. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. जॉब उलटा करून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “पोरी, ह्याचं बूड कुठंय?”

ड्रॉइंगवर होतं. खालच्या बाजूला तीन छोटे उंचवटे दाखवून तिथे डेटम टार्गेट लिहिले होते. माझा एक टच त्यांच्यावर नव्हताच. तो पडला होता गेट तोडून घासलेल्या जागी, आणि तिथे अर्धा मिलिमीटर माल जास्त राहिला होता. बिंदूंमधलं अंतर ८० मिमी, बोअर बुडापासून ७० मिमी उंच. ०.५ भागिले ८० गुणिले ७०, म्हणजे ०.४४. चूक बोअरमध्ये नव्हती, माझ्या प्लेनमध्ये होती. काकांनी त्या तीन उंचवट्यांवर टच घेऊन पहिली अलाइनमेंट केली. त्यावरून मशीनला टार्गेटच्या नेमक्या जागा सापडल्या, मग तिथे पुन्हा टच. आकडे स्थिर होईपर्यंत हेच. जॉब पास झाला. दादांना सॉरी म्हणायला मीच गेले, साहेब गेले नाहीत.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की आपल्याला मोजायला शिकवतात, पण कुठून मोजायचं ते शिकवत नाहीत. लॅबमध्ये आपल्या हातात येतो स्लिप गेज किंवा ग्राइंड केलेला व्ही-ब्लॉक. त्याची कुठलीही बाजू खाली ठेवा, उत्तर तेच. सोलापुरात मात्र खरं काम आहे ते ओतकामाचं. १९९२ साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स इथलीच. कॅमशाफ्टचंच घ्या. अक्ष सहसा जर्नलवरून धरतात, पण फिरवून शून्य कुठे धरायचं? त्यासाठी की-वे किंवा पिन लागते. ते शून्य चुकलं की प्रत्येक लोबचा कोन चुकीचा दिसणार, शाफ्ट कितीही चांगला असो.

आणखी एक रोग म्हणजे ‘बेस्ट फिट’. बटण दाबलं की सॉफ्टवेअर पार्ट असा सरकवतं की सगळ्या चुका मिळून कमीत कमी दिसाव्यात. चार भोकांपैकी एकच ०.४ ने सरकलंय असं समजा. नुसतं सरकवून बेस्ट फिट केलं की त्या भोकाचे होतात ०.३ आणि निर्दोष तिघांच्या नावावर ०.१ चढतात. मर्यादा ०.३५ असेल तर जॉब पास! पण असेंब्लीत बोल्ट लागणार नाही, कारण बोल्टला बेस्ट फिट कळत नाही. कच्च्या कास्टिंगवर सगळीकडे मशिनिंगपुरता माल आहे का, हे बघायला बेस्ट फिट उत्तम आहे. पास-नापास ठरवायला ड्रॉइंगवरचे डेटमच हवेत.

(आणि एसी रूममध्ये जॉब थंड होऊ द्या हो! मापं २० अंशांना धरतात. आपल्या उन्हाळ्यात ४० अंशांवरून आणलेला ३०० मिमीचा बिडाचा जॉब साधारण ६६ मायक्रॉन मोठा असतो.)

सीएमएम महाग असतं, ते मान्य. पण हे शिकायला ते लागतच नाही. मार्किंगवाले पूर्वीपासून कच्चं कास्टिंग सरफेस प्लेटवर तीन स्क्रू जॅकवर ठेवतात आणि हाइट गेज फिरवून जॅक कमी-जास्त करत जॉब समपातळीत आणतात. तेच ३-२-१, फक्त हातानं. तेव्हा सरांना विनंती की पुढच्या टर्मला एक प्रॅक्टिकल असं ठेवा: दोघींना किंवा दोघांना एकच कास्टिंग, डेटम आपापले निवडायचे, आणि आकडे का जुळले नाहीत ते जर्नलमध्ये लिहायचं. मार्क कारणाला, आकड्याला नाही.

प्लेट आहे, हाइट गेज आहे. जॅक वर्कशॉपच्या मागच्या कपाटात आहेत, तीनपैकी एक गंजलाय. कास्टिंग मी आणते. काकांनी एक रिजेक्ट पीस द्यायचं कबूल केलंय.