कॅसेट फेकू नका

ईदच्या साफसफाईत धाकट्या भावानं माळ्यावरून बुटाचा खोका काढला. आत मिनी डीव्हीच्या अकरा कॅसेट. म्हणाला, "भाईजान, ये कचरा फेंको अब. सब हार्ड डिस्क में है ना?"

नाही. तेच तर सांगायचंय.

२००८ साली मी नवा कॅमेरा घ्यायला निघालो तेव्हा जळकोटात काय, उदगीरच्या दुकानात काय, जो तो एकच सांगे: टेप गेली, हार्ड डिस्कवाला घ्या. कॅसेट बदलायची कटकट नाही. मीही भुललो. पण हिशेब कुणी सांगितला नाही. तीस जीबीत चांगल्या दर्जाचं सातेक तास बसतं. भरला की कॉम्प्युटरवर उतरवायचं आणि कॅमेरा पुसायचा. म्हणजे मूळच पुसायचं! कॅसेट साठ मिनिटांत भरली की काढून नवी टाकतो. मूळ खोक्यात राहतं. शिवाय टेपवरचा एक तास कॉम्प्युटरवर तेरा जीबी खातो, हार्ड डिस्कवाला तोच तास चार जीबीत कोंबतो. चित्र फिकं पडणारच.

अब्बांची शेवटची ईद नव्या कॅमेऱ्यावर घेतली. उतरवली, पुसली. पुढे कॉम्प्युटरची डिस्क खडखडली नि बंद पडली. अब्बांचा आवाज आता फक्त या खोक्यात आहे. बहिणीच्या निकाहात काझीसाहेबांना थांबवून ते म्हणतात, मेहरची रक्कम पुन्हा वाचा, आत मुलीला ऐकू गेली पाहिजे. तेवढाच.

काही जण म्हणतील, वाजवायला मशीन कुठंय? खरंय. युनेस्कोनं २०१९ मध्येच इशारा दिला होता की २०२५ च्या सुमारास टेप वाजवणारी यंत्रं नि जाणकार दुर्मीळ होतील. मग घाई करा, फेकता कशाला?

आपल्या घरांत आणखी एक अडचण. बायकांच्या बाजूचं शूटिंग परक्या स्टुडिओवाल्याला दाखवायचं नाही, म्हणून कॅसेट संदुकीतच कुजतात. अहो, घरीच उतरवा. चालू जुना कॅमेरा, फायरवायर केबल आणि तो पोर्ट असलेला जुना कॉम्प्युटर एवढंच लागतं. तासाच्या कॅसेटला तासच लागतो. दोन डिस्कवर घ्या, एक बहिणीच्या घरी ठेवा. आणि त्यानंतरही कॅसेट फेकू नका.

खोका आता माझ्या कपाटात आहे. कॅमेरा चालतो, केबलही सापडली. तसला जुना कॉम्प्युटर जळकोट-उदगीरकडे कुणाच्या घरी पडून असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जातो.