चाल कोणाची?

‘रणदुंदुभि’ नाटकातील ‘परवशता’ हे पद कोणाचे, असा प्रश्न वऱ्हाडातील कोणत्याही सुशिक्षित घरात विचारावा. दहांपैकी नऊ जण ‘मास्टर दीनानाथांचे’ असे तत्काळ सांगतील, आणि आपले उत्तर अपुरे आहे अशी शंकाही त्यांस येणार नाही. दीनानाथांच्या गळ्याविषयी आमच्या मनात तिळमात्र अनादर नाही. परंतु ज्याने पदाचे शब्द लिहिले तो अमरावतीचा, म्हणजे आमच्याच मुलखातला. ज्याने त्या शब्दांस सूर दिले तो आमच्या गायनविद्येतील एक कणखर पुरुष. आणि दोघांचीही नावे लोकांच्या जिभेवर नाहीत! या विस्मरणास आम्ही अज्ञान म्हणत नाही, आळस म्हणतो. कारण अज्ञान दूर करण्याची साधने आज घरोघर आहेत.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या अचलपुरात नाट्यगीतांचा एक कार्यक्रम झाला. छापील पत्रकावर गायकांची छायाचित्रे होती, ध्वनिक्षेपकवाल्याचे नाव होते, मंडपवाल्याचे तर दोन वेळा होते. चौदा पदे गायिली गेली. एकाही पदाच्या कवीचे किंवा चाल देणाऱ्याचे नाव पत्रकात नव्हते, आणि निवेदकांच्या तोंडूनही ते निघाले नाही. याउलट आकाशवाणीकडे पाहावे. गीत कोणाचे, संगीत कोणाचे, स्वर कोणाचा, हे तिचे निवेदक वर्षानुवर्षे नेमाने सांगत आले आहेत. सरकारी खात्यास जे साधते ते रसिक म्हणविणाऱ्या मंडळास साधू नये, हे नवल आहे.

‘रणदुंदुभि’ १९२७ साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. नाटककार वीर वामनराव जोशी. त्यांची ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ त्यापूर्वीच केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीने महाराष्ट्रभर गाजविली होती. वामनराव केवळ लेखक नव्हते. देशकार्यात पडून कारावास भोगलेले ते गृहस्थ होते. परवशतेचा पाश ही त्यांच्या लेखी कविकल्पना नव्हती, अंगावरची वस्तुस्थिती होती. अशा शब्दांस चाल देण्याचे काम रामकृष्णबुवा वझे यांजकडे आले, तेव्हा बुवांनी पन्नाशी ओलांडलेली होती.

बुवांचे पूर्वचरित्र ज्यांस ठाऊक नाही त्यांनी त्यांचे ‘संगीत कला प्रकाश’ मिळवून वाचावे. सावंतवाडी संस्थानातील वझरे गावचा हा पोरका मुलगा. गाणे शिकावयाचे म्हणून घर सोडले, दारिद्र्यात वणवण केली आणि अखेर ग्वाल्हेरीस निसार हुसेन खाँसाहेबांच्या पायाशी जाऊन बसला. आवाजाच्या गोडव्याबद्दल बुवांची ख्याती कधीच नव्हती. ख्याती होती ती अनवट रागांच्या संग्रहाची, लयीवरील पकडीची आणि बंदिशींच्या भांडाराची. हे भांडार त्यांनी नाटकवाल्यांपुढे उघडले. ललितकलादर्शमध्ये ‘संन्याशाचा संसार’, बळवंतमध्ये ‘रणदुंदुभि’ आणि पुढे १९३१ साली सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’. या एका यादीवरून दोन महायुद्धांमधील मराठी नाट्यसंगीतावर बुवांचा हात किती खोल फिरला आहे, याची कल्पना यावी.

कोणी म्हणेल, चाल म्हणजे तरी काय? जुन्या बंदिशीचा सांगाडा घ्यावयाचा आणि त्यावर मराठी शब्द बसवावयाचे. त्यात कर्तृत्व ते कोणते? हा आक्षेप आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे, आणि त्यात थोडे तथ्य आहे. मराठी रंगभूमीवर बऱ्याच चाली तयार बंदिशींवरून उचललेल्या आहेत, हे खरे. गोविंदराव टेंब्यांनी १९११ साली ‘मानापमाना’त पूरबी ढंगाच्या ठुमरी-दादऱ्याचे वारे आणले; भास्करबुवा बखल्यांनी १९१६ साली ‘स्वयंवरा’त ख्यालाचे दालन उघडले. परंतु हजार बंदिशी पाठ असलेले गवई त्या काळी थोडे नव्हते. त्यांतून नेमकी हीच बंदिश या पात्रास, या प्रसंगास, या शब्दास काढून देणे, समेवर कोणते अक्षर पडावे हे ठरविणे, नट कोठे श्वास घेईल आणि कोठे प्रेक्षक त्यास ‘वन्स मोअर’ देतील याचा अंदाज बांधणे, यास कर्तृत्व म्हणावयाचे नसेल तर शिंप्यासही कर्तृत्व नाही. कापड तर विणकरानेच विणलेले असते!

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. दीनानाथांनी त्या चाली जशाच्या तशा गायिल्या नाहीत. आपल्या विजेसारख्या फिरतीने त्यांचे रूप पालटले. तेव्हा पद त्यांचेच. पालटले, हे आम्हांस मान्य आहे. पण दीनानाथांनी तालीमही वझेबुवांकडून घेतली होती, हे विसरून कसे चालेल? शिष्याने गुरूच्या दिलेल्या चालीत आपले रक्त ओतले म्हणून गुरूचे नाव पुसावयाचे, हा न्याय कोणत्या घराण्यातला?

त्याच काळात पॅरिसला काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. तेथील ऑपेरागृहात १९२० पासून फिलीप गोबेर हा प्रमुख वाद्यवृंदसंचालक होता; मुळात बासरीवादक, स्वतः रचनाकारही. १९४१ साली मृत्यू येईपर्यंत तेथील संगीताशी त्याचे नाव जडलेले राहिले. रंगमंचापुढील खोलगट जागेत, हाती छडी घेऊन, तो साऱ्यांच्या डोळ्यांसमोर उभा असे. गायिका कितीही नामांकित असो, तिने सूर केव्हा लावावयाचा हे त्या छडीवर ठरे, आणि परीक्षणकार तिच्याबरोबर त्याचाही हिशेब घेत. आमच्याकडे अशी छडी नव्हती. चाली देणारा बुवा तालीम करून मोकळा होई; प्रयोगाच्या रात्री पायपेटी, सारंगी आणि तबला नटाच्या मागोमाग चालत. त्यामुळे गोबेर आणि वझेबुवा यांचे काम एकच होते असे आम्ही म्हणत नाही. फ्रान्सात संगीताचा सूत्रधार डोळ्यांस दिसे, येथे तो विंगेतही दिसत नसे. आणि जे दिसत नाही ते नाहीच, असे मानण्याची खोड आम्हां लोकांस फार. ध्वनिमुद्रिका आल्या आणि या खोडीवर शिक्काच बसला. तबकडीवर ठसठशीत नाव गायकाचे; घराघरांत गेले ते तेवढेच.

या विस्मरणाने होणारे नुकसान भावनेपुरते नाही. आज वीस-बावीस वर्षांची मुले ही पदे यूट्यूबवर ऐकून बसवितात. तिसऱ्या-चौथ्या हातची नक्कल हाच त्यांचा मूळ पाठ होतो. मूळ चाल कोणाची हे ठाऊक असते, तर त्या माणसाची तालीम कोणती, त्याच्या इतर चाली कशा, अमुक जागा त्याची की मागाहून कोणी घातलेली, असे प्रश्न एखाद्या जिज्ञासू मुलास पडले असते. नावच नाही, तेव्हा प्रश्नही नाहीत. आणि ‘परवशता’ गाताना दीनानाथांच्या तानेचे अनुकरण करावयाचे, एवढाच अभ्यास उरतो. शब्द कशाविषयी आहेत याकडे तर कोणी पाहतही नाही. आमच्या त्या कार्यक्रमात हे पद हसतमुखाने गायिले गेले!

संगीत नाटकांचे दिवस टिकले नाहीत. बोलपट आला, १९३२ साली टेंबेच ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र होऊन पडद्यावर गायिले. बळवंत मंडळीने चित्रपटाच्या नादी लागून १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढले आणि त्यातच ती बुडाली. दीनानाथ १९४२ साली, वझेबुवा १९४५ साली आणि वामनराव १९५६ साली गेले. मूर्तिजापूर-अचलपूर ही चिमुकली गाडीसुद्धा आता धावत नाही. उरली आहेत ती पदे.

आमचे मागणे मोठे नाही. पुढील वर्षीच्या पत्रकात प्रत्येक पदापुढे कवी, चाल देणारा आणि मूळ गायक, अशी तीन नावे छापावीत. जागा अपुरी पडत असेल तर मंडपवाल्याचे नाव एकदाच घालावे.